लेखकामागें राहिलेलें पुस्तक

मी आटगांवचा राहणारा. मुंबईहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल आसनगांव सोडून पुढें आली, म्हणजे आमचें स्टेशन लागतें. पश्चिमेकडे माहुलीचे सुळके उभे आहेत. पावसाळ्यांत ते ढगांत दिसेनासे होतात. या भागांतल्या शाळांतून पस्तीस वर्षें मुलांना मराठी व इतिहास शिकवून मी आतां घरीं बसलों आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलें. त्यामुळें इंग्रजी पुस्तक वाचावयाचें म्हणजे मांडीवर शब्दकोश घेऊन बसावें लागतें. हें आरंभींच सांगून टाकतों. कारण आज ज्या पुस्तकाविषयीं बोलावयाचें आहे तें इंग्रजी आहे, आणि त्यांत मधून मधून लॅटिन भाषेचीं वाक्यें पेरलेलीं आहेत. तेव्हां कोठें चुकलों, तर ती चूक माझी समजावी.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें हीं पुस्तकें मला पाठविलीं. पुस्तकें दोन, लेखक एक. पहिल्याचें नांव ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’. लीबोविट्झचें स्तोत्र, असें त्याचें मराठी करतां येईल. दुसऱ्याचें नांव ‘सेंट लीबोविट्झ अँड द वाइल्ड हॉर्स वुमन’. म्हणजे संत लीबोविट्झ आणि रानघोड्यांची स्त्री. पहिलें प्रसिद्ध झाल्यावर दुसरें यावयास अडतीस वर्षें लागलीं. आणि तें आलें तेव्हां त्याचे लेखक वॉल्टर मिलर या जगांत नव्हते. तें पुस्तक दुसऱ्या एका लेखकानें पुरें केलें होतें. गेलेल्या माणसाचें लिखाण दुसऱ्यानें पुरें करावें काय, आणि करावयाचें झाल्यास कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न मला नुसता वाङ्मयाचा म्हणून सुचलेला नाहीं. दोन वर्षांपासून तो माझ्या घरांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, एका गांठोड्याच्या रूपानें येऊन बसला आहे. त्या गांठोड्याची हकीकत शेवटीं सांगेन. आधीं मिलर यांची ऐकावी.

विज्ञानाच्या आधारें पुढील काळाचें चित्र काढणाऱ्या कादंबऱ्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. एका वर्गांत मनुष्याचें ज्ञान वाढत जातें व त्याबरोबर त्याचें सुखहि वाढत जातें. दुसऱ्या वर्गांत ज्ञान वाढतें, परंतु शहाणपण मागें राहतें. आणि त्या दोहोंमधल्या अंतरांत मनुष्य कोसळतो. ऑल्डस हक्स्ले यांची १९३२ सालची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ सालची ‘नाइन्टीन एटी-फोर’ या दुसऱ्या वर्गांतल्या. आपल्याकडे जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरींतहि जमिनींत पुरलेल्या एका लुप्त संस्कृतीचें ज्ञान हातीं लागतें, आणि तें वरदान कीं संकट, हा पेंच उभा राहतो. मिलर यांचें पुस्तक याच घराण्यांतलें. परंतु त्याचा सूर निराळा आहे. हक्स्ले व ऑर्वेल मनुष्याला मुठींत धरणाऱ्या राज्ययंत्राची कथा सांगतात. मिलर सांगतात ती पुस्तकें सांभाळणाऱ्यांची कथा.

ती थोडक्यांत अशी. विसाव्या शतकांत अण्वस्त्रांचें महायुद्ध होऊन जग जळून जातें. वांचलेले लोक म्हणूं लागतात, हा नाश विद्वानांनीं केला. मग शास्त्रज्ञ, शिक्षक, आणि पुढें पुढें ज्यांना नुसतें वाचतां येतें असे लोकहि ठार मारले जातात व पुस्तकांच्या होळ्या होतात. अडाणीपणा हेंच लोक भूषण मानूं लागतात. त्या धुमाळींत लीबोविट्झ नांवाचा एक विजेच्या शास्त्रांतला इंजिनियर ख्रिस्ती संन्यासी होतो, आणि ज्ञान जगविण्याकरितां साधूंचा एक पंथ स्थापन करतो. त्या साधूंचें काम दोन प्रकारचें: कांहींनीं पुस्तकें चोरून आणून वाळवंटांत पुरून ठेवावयाचीं, आणि कांहींनीं ग्रंथच्या ग्रंथ तोंडपाठ करावयाचे. लीबोविट्झ पकडला जाऊन मारला जातो. पंथ मात्र राहतो.

सहाशें वर्षांनंतर फ्रान्सिस नांवाच्या एका भोळ्या उमेदवार साधूला एक जुनें तळघर सांपडतें. त्यांत लीबोविट्झची किराणामालाची एक यादी असते, आणि विजेच्या एका यंत्राचा आराखडा असतो. आराखड्याचा अर्थ कोणालाच लागत नाहीं, यादींतल्या जिन्नसांचाहि लागत नाहीं. म्हणून दोन्ही कागद सारखेच पूज्य ठरतात. फ्रान्सिस त्या आराखड्याची सोन्याच्या वर्खाची नक्षीदार प्रत करावयास बसतो, आणि तींत त्याची पंधरा वर्षें जातात. पुढें मूळ कागद व प्रत बरोबर घेऊन तो नव्या रोमला पोपच्या दर्शनास निघतो. वाटेंत लुटारू गांठतात. लुटारूला वाटतें, पंधरा वर्षें जिच्यावर खर्चिलीं ती नक्षीची प्रत हीच खरी मोलाची वस्तु. तेवढी तो हिसकावून घेतो. मूळचा साधा कागद फ्रान्सिसच्या हातीं राहतो व पोपपर्यंत पोंचतो. हा प्रसंग श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कादंबरीचा दुसरा भाग ३१७४ सालीं घडतो. त्या वेळीं विद्येला पुन्हा पालवी फुटलेली असते. मठांतला एक साधु डायनॅमो रचून विजेचा दिवा लावतो. तिसरा भाग ३७८१ सालचा. मनुष्य पूर्वीच्याच शिखरावर चढलेला असतो, आणि अण्वस्त्रें पुन्हा सुटतात. कांहीं साधु तेवढा ज्ञानाचा ठेवा घेऊन अंतराळयानानें दूरच्या ताऱ्याकडे निघून जातात.

हें सारें मिलर यांना कसें सुचलें असेल? त्यांचा जन्म १९२३ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते विमानदलांत बिनतारी यंत्र चालविणारे व विमानाच्या शेंपटाकडील तोफ सांभाळणारे सैनिक होते. इटलीवरील पन्नासांहून अधिक हल्ल्यांत त्यांनीं भाग घेतला. त्यांतला एक हल्ला १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं माँटे कॅसिनोच्या मठावर झाला. हा मठ संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत स्थापिलेला. युरोपांत राज्यें मोडत असतां ज्या मठांनीं हातानें ग्रंथ उतरून घेऊन जगविले, त्यांतला हा अग्रगण्य होय. डोंगरमाथ्यावरची ती वास्तु एका दिवसांत मातीचा ढीग झाली. तेथील ग्रंथसंग्रह कांहीं महिने आधीं रोमला हलविला गेला होता, म्हणून तो वांचला. त्या रणांगणावर आपलेहि लोक होते. बाँबवर्षावानंतर त्या डोंगरावर चढाई करणाऱ्या सैन्यांत चौथी हिंदी डिव्हिजन होती. आणि त्याच वर्षीं १० जुलै रोजीं आपल्या माणगांव तालुक्यांतले यशवंत घाडगे इटलींतच धारातीर्थीं पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कथा दूरदेशची खरी. पण तिच्या मुळाशीं असलेला विध्वंस आपल्याहि माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे.

ज्यानें मठावर बाँब टाकण्याच्या कामांत हात लावला, त्यानेंच पुढें पुस्तकें सांभाळणाऱ्या मठाची कथा लिहिली, यांत नवल कांहींच नाहीं. १९४७ सालीं मिलर यांनीं कॅथॉलिक पंथ स्वीकारला. १९५१ पासून १९५७ पर्यंत त्यांनीं तीन डझनांवर विज्ञानकथा लिहिल्या. लीबोविट्झची हकीकत प्रथम एका मासिकांत तीन दीर्घकथांच्या रूपानें आली आणि १९५९ सालीं ग्रंथरूपानें निघाली. १९६१ सालीं तिला विज्ञानकादंबरीचें ह्यूगो पारितोषिक मिळालें. १९८१ सालीं अमेरिकेंतील नभोवाणीवरून तिचें पंधरा भागांचें श्राव्य नाटक झालें, हें नभोवाणीच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगावेसें वाटतें. मोठमोठ्या टीकाकारांनीं तिची वाखाणणी केली.

आणि एवढें यश हातीं आल्यावर मिलर गप्प झाले. त्यांच्या हयातींत त्यांची दुसरी कादंबरी निघाली नाहीं. लोकांना भेटणें त्यांनीं सोडून दिलें; आप्तेष्टांनाहि ते टाळीत. मनाला विषण्णतेच्या दुखण्यानें घेरलें होतें. परंतु लेखणी अगदींच खालीं ठेविलेली नव्हती. लीबोविट्झच्या जगाची आणखी एक कथा ते लिहीत होते. १९९५ सालीं त्यांची पत्नी वारली. १९९६ च्या जानेवारींत, त्र्याहत्तरावा वाढदिवस कांहीं दिवसांवर आला असतां, त्यांनीं स्वतःच्या हातानें आपलें आयुष्य संपविलें. मागें राहिलें सुमारें सहाशें पानांचें हस्तलिखित: बहुतेक पुरें झालेलें, पण पुरें न झालेलें.

तें पुरें करण्याचें काम टेरी बिसन या लेखकाकडे आलें. बिसन केंटकी राज्यांतले, मिलर यांच्याहून एकोणीस वर्षांनीं लहान. २०२४ सालीं तेहि निवर्तले. त्यांची ख्याति होती ती मिस्किल, हलक्या हाताच्या लघुकथांविषयीं. मिलर यांचा व त्यांचा स्वभावधर्म निराळा, पिढी निराळी. आणि त्या दोघांची प्रत्यक्ष भेट कधींच झाली नाहीं. बिसन यांचें म्हणणें असें कीं, मीं फारसें कांहीं केलें नाहीं. मिलर यांनीं जे धागे मोकळे ठेविले होते त्यांच्या गांठी तेवढ्या मारल्या. कादंबरी १९९७ सालीं निघाली.

आतां या दुसऱ्या कादंबरीविषयीं. उत्तरार्ध म्हटला, कीं पहिलें पुस्तक जेथें संपलें तेथून पुढें कथा चालेल, असें आपण धरून चालतों. येथें तसें नाहीं. ही कथा ३२४४ सालच्या सुमाराची; म्हणजे पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागानंतर सत्तर वर्षांनीं व तिसऱ्या भागाच्या पांचशेंहून अधिक वर्षें आधीं घडणारी. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतींत एक कोनाडा असावा, तसें हें पुस्तक पहिल्याच्या पोटांत बसतें. याचा परिणाम असा होतो कीं, पात्रांना जें ठाऊक नाहीं तें वाचकाला ठाऊक असतें. तीं लढतात, मसलती करतात, पोप निवडतात. आणि आपणांस माहीत असतें कीं, ३७८१ सालीं हें सर्व पुन्हा जळणार आहे. जगाचें काय होईल ही उत्कंठा लेखकानें आधींच काढून घेतली. उरतो तो एकच प्रश्न: शेवट ठरलेला असतां एका साध्या माणसानें कसें वागावें?

तो साधा माणूस म्हणजे ब्लॅकटूथ नांवाचा साधु. हा मूळचा घोड्यांवरून फिरणाऱ्या भटक्या टोळीवाल्यांच्या रक्ताचा. लहानपणीं मठांत आला व शिकला. वरिष्ठांनीं त्याला काम दिलें आहे तें लॅटिनमधला एक जुना इतिहासग्रंथ टोळीवाल्यांच्या बोलींत उतरविण्याचें. बिचाऱ्याचें दुःख असें कीं, ज्यांच्याकरितां हें भाषांतर करावयाचें त्यांना वाचतां येत नाहीं. व्रतांतून मोकळें करा, म्हणून तो विनवितो. आणि मोकळा होण्याऐवजीं ब्राऊनपोनी नांवाच्या एका महत्त्वाकांक्षी धर्माधिकाऱ्याचा दुभाषी होऊन बसतो. हा ब्राऊनपोनी टोळीवाल्यांना एकत्र करून टेक्सार्क नांवाच्या साम्राज्यावर उठवूं पाहतो, आणि शेवटीं स्वतः पोप होतो. मधल्या मध्यें ब्लॅकटूथ एका मुलीवर जीव लावून बसतो. मन मठांत नाहीं, टोळींत नाहीं, दरबारांत नाहीं, अशी त्याची अवस्था.

खरें सांगावयाचें तर हें पुस्तक वाचतांना मी दमलों. टोळ्या, सरदार, धर्माधिकारी यांचीं नांवें इतकीं, कीं शाळेच्या हजेरीपटासारखी मीं वहींत यादीच करून घेतली. पहिल्या पुस्तकाची घट्ट वीण येथें नाहीं, आणि पहिल्याइतकी मान्यताहि या पुस्तकाला मिळाली नाहीं. परंतु त्या थकलेल्या, घर नसलेल्या साधूच्या पाठीमागें मला दार लावून बसलेले मिलर दिसत राहिले, आणि पुस्तक खालीं ठेववलें नाहीं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत साधली नाहीं. मिलर यांची लेखणी कोठें थांबली व बिसन यांची कोठें सुरू झाली, तें मला ओळखतां आलें नाहीं. हें बिसन यांचें कौशल्यच म्हटलें पाहिजे. तरी वाचक म्हणून मनाला एक चुटपुट लागून राहते: ज्या वाक्यानें माझे डोळे भरून आले, तें कोणाचें होतें?

हा प्रश्न अमेरिकेंत नवा असेल. आपल्याकडे तो फार जुना आहे. आपण ज्या लेखनप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतों, तो शब्दच मुळीं अशा एका पुस्तकावरून आला आहे. सातव्या शतकांत, श्रीहर्षाच्या पदरीं असलेल्या बाणभट्टानें ‘कादंबरी’ नांवाची संस्कृत गद्यकथा लिहावयास घेतली आणि ती अर्धवट टाकून तो परलोकीं गेला. त्याच्या मुलानें ती पुरी केली. हा मुलगा आरंभींच नम्रपणें सांगतो कीं, कथा तुटल्याचें सज्जनांना दुःख होत आहे म्हणून मी हें काम हातीं घेतलें. कवित्वाच्या गर्वानें नव्हे. बापाचा तो पूर्वभाग, मुलाचा तो उत्तरभाग. तेराशें वर्षें झालीं, तरी कोणाचें काय याविषयीं वाचकाची फसगत होत नाहीं. जोड दिसते, आणि ती दिसते म्हणूनच दोघांचाहि मान राहतो. मराठींत कादंबरी हा शब्द उच्चारतांना, मरणानें तुटलेल्या व दुसऱ्यानें सांधलेल्या पुस्तकाचें नांव आपण घेत असतों, हें आपल्या ध्यानींमनींहि नसतें.

दुसरें उदाहरण पैठणचें. एकनाथमहाराज ‘भावार्थ रामायण’ रचीत होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ सालीं नाथांनीं देह ठेविला. पुढचा ग्रंथ त्यांच्या गावबा नांवाच्या शिष्यानें पुरा केला. परंपरा सांगते कीं, हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या हट्टापायीं नाथांच्या घरीं येऊन राहिलेला, लोकांनीं मंद ठरविलेला मुलगा. मोठमोठे पंडित भोंवतीं असतां काम याच्याकडे आलें. घरांत राहून त्यानें वर्षानुवर्षें नाथांचें बोलणें ऐकलें होतें; विद्वत्तेपेक्षां तें ऐकणें कामास आलें असलें पाहिजे.

परंतु याच नाथांची दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती पहिलीच्या उलट वाटते. नाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशें वर्षांत नकलाकारांच्या हातून तींत पाठभेद शिरले होते. तें सारें नाथांनीं निवडून काढलें. आणि शेवटीं बजावून ठेविलें कीं, या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घालूं नये. एकीकडे दुसऱ्याच्या ग्रंथांत एक ओवी मिसळावयास ज्यांची बंदी, त्यांचा स्वतःचा ग्रंथ शिष्यानें अध्यायच्या अध्याय लिहून पुरा केला, आणि तो अधर्म कोणाला वाटला नाहीं. असें कां?

मला याचें उत्तर असें दिसतें. मिसळणें वेगळें आणि पुरें करणें वेगळें. ज्ञानेश्वरी पुरी झालेली होती; तींत घातलेली ओवी ज्ञानेश्वरांच्या नांवावर खपली असती. भावार्थ रामायण अपुरें होतें. गावबानें लिहिलें तें नाथ थांबले तेथून पुढें लिहिलें, आणि पंचेचाळिसाव्या अध्यायापासून हात बदलला हें आजहि सांगतां येतें. पहिल्यांत वाचकाची फसवणूक आहे, दुसऱ्यांत त्याची सोय आहे. बाणाचा मुलगा रक्ताचा, गावबा शिष्य, बिसन परके व व्यवसायानें काम घेतलेले. तिघांचें नातें निराळें. पण नात्यानें काम पवित्र किंवा अपवित्र ठरत नाहीं. जोड कोठें आहे हें सांगितलें कीं नाहीं, त्यावर तें ठरतें. बिसन यांनीं आपण काय केलें हें पुढें एका लेखांत मोकळेपणानें सांगितलें, हें त्यांना भूषणावह आहे. पुस्तकाच्या अंगांत मात्र ती जोड दिसत नाहीं. बाणाचा मुलगा येथें त्यांच्या पुढें गेला असें मला वाटतें.

आतां माझ्या गांठोड्याविषयीं. शेजारच्या गांवीं माझे एक मित्र होते, तेहि शिक्षकच. तीस वर्षें ते एक काम करीत आले. आमच्या भागांतल्या शेतकऱ्यांच्या, ठाकुरांच्या, कातकऱ्यांच्या तोंडचे शब्द ते टिपून ठेवीत. आवण म्हणजे काय, खाचर कशाला म्हणावें, पऱ्ह्या व ओढा यांत फरक कोणता, असें सर्व अकारविल्हे लावून त्यांनीं वह्या भरल्या. दोन वर्षांपूर्वीं, ऐन लावणीच्या दिवसांत, ते गेले. महिन्याभरानें वहिनी वह्यांचें गांठोडें घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, एवढें पुरें करा. त्यांना दुसरा कोणी नाहीं.”

वह्या ‘म’ पर्यंत आल्या होत्या. शेवटचा शब्द ‘मोह’, झाडाचें नांव. शब्द लिहिलेला, त्यापुढें दोन टिंबें, आणि पुढें कांहीं नाहीं. राब, वरई, वरकस हे शब्द पुढचे. त्यांच्या नुसत्या चिठ्ठ्या, कांहींवर अर्थ आहे, कांहींवर नाहीं. मीं उत्साहानें कामास लागलों. चिठ्ठ्या जुळवूं लागलों, अर्थ भरूं लागलों. एवढ्यावर थांबलों असतों तर बरें होतें. मागच्या वह्या चाळतांना कांहीं ठिकाणीं मित्रांनीं दिलेला अर्थ मला अपुरा वाटला, तेव्हां त्यांच्याच शाईसारख्या शाईनें, त्यांच्याच ओळीखालीं मीं भर घातली. अक्षरहि आम्हां दोघांचें एकाच वळणाचें. एकाच पद्धतीच्या शाळेंत घोटलेलें. हेतु वाईट नव्हता. चार महिन्यांनीं वही पुन्हा उघडली, आणि एका शब्दापाशीं मला सांगतां येईना कीं हें वाक्य त्यांचें कीं माझें. तीस वर्षें ज्यानें पावसापाण्यांत फिरून एकेक शब्द आणला, त्याच्या वहींत मीं आपल्या ओव्या मिसळल्या होत्या.

त्या दिवशीं मीं गांठोडें बांधून वर ठेविलें, तें हीं पुस्तकें वाचीपर्यंत खालीं काढलें नाहीं. वाटेंत वहिनी भेटल्या तर मी कामाविषयीं बोलण्याचें टाळीत असें. मिलर लोकांना कां टाळीत, तें मी जाणत नाहीं. मी कां टाळीत होतों, तें मला पक्कें ठाऊक होतें.

फ्रान्सिस साधूची गोष्ट ध्यानांत ठेवावयास सांगितली होती, ती याकरितां. त्याची पंधरा वर्षांची नक्षी लुटारूनें नेली. साधा कागद टिकला. परंतु नक्षी नेली गेली म्हणूनच साधा कागद सुटला, हेंहि खरें. नक्षी काढूं नये असें मिलर म्हणत नाहींत. मात्र फ्रान्सिसनें ती निराळ्या चर्मपत्रावर काढली. मूळ कागदावर त्यानें एक रेघहि ओढली नाहीं. ओढली असती, तर दोन्ही एकदमच गेलीं असतीं.

या पावसाळ्यांत मीं गांठोडें पुन्हा खालीं काढलें आहे. माझें असें जें जें म्हणून आठवतें, तें तांबड्या शाईनें अधोरेखित केलें. सात ठिकाणीं आठवत नाहीं. तेथें समासांत तसें लिहून ठेविलें आहे. ‘मोह’ या शब्दापुढचीं दोन टिंबें तशींच ठेविलीं आहेत. त्यांच्याखालीं एक आडवी रेघ ओढली, तारीख घातली, आणि तेथून पुढें माझ्या नांवानें नवी वही सुरू केली. राब हा शब्द परवां लिहून झाला. गेल्या रविवारीं वहिनींकडे जाऊन दोन्ही वह्या दाखविल्या आणि झालेली चूक सांगितली. त्या कांहीं वेळ तांबड्या रेघांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे काळें तें सारें त्यांचें ना?” मीं म्हटलें, “सात जागा सोडून.” त्यावर त्यांनीं त्या सात जागा एकेक करून मला दाखवावयास लाविलें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशीं गांठोडीं असतील. वडिलांचा जमाखर्च, आईच्या ओव्यांची वही, आजोबांनीं सुरू केलेली कुळाची हकीकत. तीं अपुरीं आहेत म्हणून फेंकूं नयेत, आणि अपुरीं आहेत म्हणून घाईनें पुरींहि करूं नयेत. पुरीं करावयाचीं झालीं तर अवश्य करावीं. तें सत्कर्मच आहे. मात्र ते थांबले तेथें एक रेघ ओढावी, आणि मग आपली शाई घ्यावी.